सुई टोचण्याआधीचा तास

पुढच्या आठवड्यात आमच्या विभागात इंटर्नशिपसाठी नवी तुकडी येते आहे. मानसशास्त्राचे, स्पीच थेरपीचे, ऑक्युपेशनल थेरपीचे आणि समाजकार्याचे विद्यार्थी. मी मुलांच्या रुग्णालयात स्पीच थेरपिस्ट आहे आणि ऑटिस्टिक पेशंट व त्यांच्या घरच्यांसोबत काम करणाऱ्या इंटर्नची जबाबदारी माझ्याकडे असते. छापील नियमावली त्यांना पहिल्या दिवशी मिळते. तिच्यात न मावणारं बरंच काही मी दरवर्षी कॉरिडॉरमधून चालता चालता सांगत असते, ते यंदा लिहून काढलं. दुसऱ्या कुठल्या रुग्णालयात कुणी अशी इंटर्नशिप सुरू करायच्या विचारात असेल तर त्यांनाही यातलं काही घेता येईल.

बहुतेक विद्यार्थी मनात थेरपीची खोली घेऊन येतात. गालिचा, खेळणी, चित्रांची कार्डं, समोर एक मूल. त्यांना चाचण्या कशा घेतात ते बघायचं असतं, निदान कसं होतं ते समजून घ्यायचं असतं, आणि ते सगळं त्यांना बघायला मिळतंही. पण ऑटिस्टिक मूल रुग्णालयात येतं ते प्रत्येक वेळी ऑटिझमसाठी येत नाही. ताप उतरत नाही म्हणून येतं, कान दुखतो म्हणून, हात मोडला म्हणून येतं. अपस्मार, झोपेच्या तक्रारी आणि बद्धकोष्ठतेसारखे पोटाचे त्रास ऑटिस्टिक लोकांमध्ये इतरांपेक्षा जास्त आढळतात, त्यामुळे या घरांच्या रुग्णालयाच्या फेऱ्याही जास्त. एक्स-रेच्या रांगेत, रक्त तपासणीच्या खिडकीसमोर, अपघात विभागाच्या बाकावर ही मुलं असतात. माझे विद्यार्थी तिथे असावेत असं मला वाटतं. थेरपीच्या खोलीत त्या मुलासाठी आधीच कुणीतरी असतं.

त्या बाकावर बसून एकदा नुसतं ऐका. ट्यूबलाइटचा गुणगुणाट, नंबर पुकारणारा स्पीकर, स्ट्रेचरची चाकं, स्वच्छतागृहातलं हात वाळवायचं यंत्र. मग वास घ्या: स्पिरिट, फिनाईल, कुणाच्या तरी उलटीचा. तपासणीच्या पलंगावर अंथरलेला कागद पाठीखाली कुरकुरतो. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेची पाचवी आवृत्ती २०१३ साली आली, तेव्हा संवेदनांना खूप जास्त किंवा खूप कमी प्रतिसाद देणं ही गोष्ट ऑटिझमच्या निकषांमध्ये प्रथमच घेतली गेली. घरच्यांना ती कितीतरी आधीपासून माहीत होती. हलका, अचानक झालेला स्पर्श कित्येक मुलांना असह्य होतो आणि तीच मुलं घट्ट मिठीत शांत होतात. नावाचा प्लॅस्टिकचा पट्टा मनगटाला बांधला की काही जण तो दातांनी तोडून काढेपर्यंत थांबत नाहीत. अशा वेळी तो घोट्याला बांधता येईल का, मोज्यावरून चालेल का, ओळख पटवायची दुसरी सोय आहे का, हे सिस्टरांना विचारायचं. विचारणाऱ्याची यात दोन मिनिटं जातात आणि न विचारल्याने अख्खी दुपार जाते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

आता त्या तासाविषयी. रक्त काढायचं असेल किंवा सलाईनची सुई लावायची असेल तर त्या जागी आधी बधिर करणारं मलम लावता येतं. त्यात लिडोकेन आणि प्रिलोकेन ही औषधं असतात आणि ते नीट काम करायला साधारण तासभर त्वचेवर राहावं लागतं. मलम बऱ्याच रुग्णालयांत असतं, पण गर्दीच्या ओपीडीत तो तास कुणाकडेच नसतो. सिस्टरांसमोर रांग असते, डॉक्टरांना वॉर्डात बोलावणं आलेलं असतं, आई एका हाताने मुलाला आणि दुसऱ्या हाताने फाइल सांभाळत असते. तो तास देता येईल अशी एकच व्यक्ती त्या मजल्यावर असते, ती म्हणजे विद्यार्थी. अनुभव, अधिकार, पदवी यांपैकी काहीही त्याच्यापाशी अजून नसतं. वेळ असतो, आणि या मुलांच्या बाबतीत वेळ हे औषधच आहे असं मी अगदी शब्दशः मानते.

त्या तासात काय करायचं? आधी शांत जागा शोधायची. मलमावर जी चिकट पारदर्शक पट्टी लावतात तिचाच काही मुलांना सुईपेक्षा जास्त त्रास होतो, म्हणून तिचा तुकडा आधी स्वतःच्या हाताला लावून दाखवायचा, मग बाहुलीच्या, मग विचारून त्याच्या. रक्त काढायच्या खुर्चीत मुलाला आधी एकदा नुसतं बसवून आणायचं, त्या वेळी तिथे कुणीही सुई हातात धरलेली नसावी. दंडाला बांधायचा पट्टा त्याच्या हातात द्यायचा. ‘आधी हे, मग ते’ असं दोन चित्रांचं कार्ड समोर ठेवायचं: आधी रक्त, मग त्याच्या आवडीचं जे काही असेल ते. थांबायची खूण ठरवायची, आणि त्याने ती खूण केली की खरोखर थांबायचं. इथे तडजोड नको. एकदा खूण केल्यावरही आपण थांबलो नाही, तर ते मूल तुमच्यावर आणि तुमच्यानंतर येणाऱ्या प्रत्येकावर विश्वास ठेवायचं सोडून देईल, आणि त्यात त्याचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही.

बोलताना जे असेल तेच बोला. आपल्याकडे सुई टोचताना “मुंगी चावल्यासारखं वाटेल हं” असं म्हणायची सवय आहे. एका मुलाने हे ऐकल्यावर पलंगाखाली, उशीखाली, सिस्टरांच्या ट्रेमध्ये मुंगी शोधायला सुरुवात केली आणि ती सापडेना म्हणून तो इतका घाबरला की त्या दिवशी रक्त काढताच आलं नाही. पुढच्या खेपेला आमच्या इंटर्न मुलीने त्याला सांगितलं, “सुई आत जाईल. दुखेल. मी दहापर्यंत मोजेन. दहा झाले की सुई बाहेर.” त्याने हात पुढे केला आणि आकडे तिच्याबरोबर स्वतःही मोजले. सिस्टरांनी सातलाच सुई काढली, तरी हिने दहापर्यंत मोजलं, कारण ठरलं तसं झालं पाहिजे होतं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मला तिचा फार अभिमान वाटला.

चित्रांच्या कार्डांचं निघालंच आहे तर सांगते. अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ मध्ये चित्रांची देवाणघेवाण करून संवाद साधण्याची जी पद्धत तयार केली, तिच्या पहिल्या टप्प्याला दोन मोठी माणसं लागतात. एक जण मुलाच्या समोर, त्याला हवी असलेली वस्तू घेऊन. दुसरा मुलाच्या मागे, काहीही न बोलता, फक्त त्याचा हात चित्रापर्यंत आणि चित्र समोरच्याच्या हातापर्यंत पोहोचायला मदत करणारा. ही मागची जागा मी नेहमी विद्यार्थ्यांना देते. तिथून मुलाचा चेहरा फारसा दिसत नाही, त्याच्या खांद्यांवरून आणि बोटांवरून समजून घ्यावं लागतं की आता याला मदत हवी आहे की आपण हात काढून घ्यायची वेळ झाली आहे. हात वेळेवर काढून घ्यायला शिकणं अवघड असतं, आणि ते मागे बसूनच येतं. घरचे हमखास विचारतात, चित्रं दिली तर हा बोलणारच नाही ना? अभ्यासांतून तसं दिसलेलं नाही. संवादाची इतर साधनं मिळाल्याने बोलणं अडत नाही, काही मुलांचं वाढतं. विद्यार्थ्यांनी हे उत्तर पाठ करून ठेवावं, कारण हा प्रश्न लिफ्टमध्येही विचारला जातो.

आता एक गोष्ट जी मी नियमावलीतही ठळक अक्षरांत घालून घेतली आहे. इंटर्नने मुलाला धरून ठेवायचं नाही. रक्त काढायला, नाकात नळी घालायला, टाके घालायला, कशालाही नाही. पूर्वी मी जिथे काम करत होते तिथे विद्यार्थ्यांना हाक मारली जायची ती याचसाठी: “या, जरा पाय धरा.” चार-पाच जणांनी मिळून एका मुलाला दाबून धरलेलं मी पाहिलं आहे. त्यानंतर ते मूल रुग्णालयाचं फाटक दिसलं तरी गाडीतून उतरेना, आणि दातांच्या, डोळ्यांच्या साध्या तपासण्या कित्येक महिने रखडल्या. जिवावर बेतलेलं असेल, क्षणही दवडता येणार नसेल, तेव्हा काय करायचं ते अनुभवी माणसं ठरवतील, आणि ती वेळ क्वचित येते. एरवी ज्याला आपण घाई म्हणतो ती बहुतेक वेळा वेळापत्रकाची घाई असते. भुलीचे डॉक्टर आधी शांत करणारं औषध देऊ शकतात, तपासणी दुसऱ्या दिवशी ठेवता येते, दोन तपासण्या एकाच भुलीत उरकता येतात. विद्यार्थ्याने यातलं काही ठरवायचं नाही. पण “मुलाला अजून दहा मिनिटं हवी आहेत” हे वाक्य मोठ्याने म्हणायचा हक्क त्याला आहे. ते म्हटल्याबद्दल कुणी रागावलं तर ते मी बघून घेईन.

घरच्यांशी बोलणं हा या कामाचा निम्मा भाग आहे. आमच्याकडे भेटीच्या आधी इंटर्न फोन करतात आणि एक पानभर माहिती लिहून घेतात. हो आणि नाही कसं सांगतो? दुखलं की काय करतो? कशाची भीती आहे, कशात रमतो, कुठे हात लावलेला चालत नाही? मागच्या वेळी रुग्णालयात काय झालं होतं? शेवटचा प्रश्न विचारला की पलीकडे बऱ्याचदा थोडा वेळ कुणी बोलत नाही, मग बांध फुटतो. तेव्हा पुढचे प्रश्न राहू द्या, ऐका. त्या पानाची एक प्रत केसपेपरच्या वर लागते, एक घरच्यांकडे राहते, म्हणजे रात्री दोन वाजता अपघात विभागात अनोळखी डॉक्टरांसमोर सगळं पहिल्यापासून सांगावं लागत नाही.

हे विचारताना आवाजाकडे लक्ष द्या. आई सावध का होते, आधीच सफाई का देऊ लागते, हे समजण्यासाठी थोडा इतिहास माहीत हवा. १९४३ मध्ये बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचं वर्णन करून ऑटिझमची मांडणी केली, त्यात पालकांच्या थंडपणाचाही उल्लेख होता. पुढे मुलांच्या मनोविकारांवर लिहिणाऱ्या ब्रुनो बेटलहाइम यांच्यासारख्यांनी मुलाच्या ऑटिझमचा दोष सरळ आईच्या मायेच्या अभावावर ठेवला आणि ती कल्पना जगभर पसरली. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलँड यांनी, जे मानसशास्त्रज्ञ होते आणि एका ऑटिस्टिक मुलाचे वडीलही, ऑटिझमला जैविक आधार आहे हे मुद्देसूद मांडून त्या आरोपाला उत्तर दिलं. विज्ञानाने तो आरोप केव्हाच टाकून दिला. पण “तुम्ही त्याच्याशी घरी बोलत नाही का?”, “मोबाइल फार देता का?” असं आजही आईला विचारलं जातं, आणि प्रश्नाच्या आडून तोच जुना दोष तिच्यापर्यंत पोहोचतो. म्हणून आमच्याकडे पहिला प्रश्न असा असतो: “तुम्हाला याच्याविषयी काय माहीत आहे, जे आम्हाला माहीत असायला हवं?” वडिलांना, आजीला, मोठ्या बहिणीलाही हाच प्रश्न विचारा. आजी जे सांगते ते आई सांगत नाही, असं बरेचदा होतं.

घरच्यांचं ऐकून, लिहून ठेवून काय होतं याचं एक उदाहरण देते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळले आहेत. एक मुलगी, शब्दांत न बोलणारी, अचानक स्वतःच्या गालावर बुक्के मारायला लागली. “ऑटिझममध्ये असं होतं” असं घरच्यांना दोन ठिकाणी सांगण्यात आलं. आमच्याकडे ती वागणुकीच्या तक्रारीसाठी आली. त्या वेळचा इंटर्न समाजकार्याचा होता, वैद्यकीय ज्ञान त्याला फारसं नव्हतं. त्याने एवढंच केलं की आईला रोजची नोंद ठेवायला शिकवलं: केव्हा मारते, त्याआधी काय चाललं होतं, कुठल्या हाताने, कुठल्या बाजूला. ओपीडीत असताना तो स्वतःही लिहीत होता. नोंदी एकत्र ठेवल्यावर दिसलं की ती एकाच बाजूला मारते, जेवताना आणि झोपायला आडवी झाल्यावर जास्त मारते, आणि घास दुसऱ्या बाजूने चावते. त्याने कुठलाही निष्कर्ष काढला नाही. वही घेऊन माझ्याकडे आला, मी ती डॉक्टरांना दाखवली, त्यांनी दंतवैद्यांना बोलावलं. दाढेच्या मुळाशी गळू निघालं. उपचार झाल्यावर बुक्के थांबले.

ऑटिझमच्या पाटीमागे दुखणं झाकलं जातं, हे या मुलांच्या वैद्यकीय आयुष्यातलं फार मोठं संकट आहे. वागणं अचानक बदललं तर आधी शरीर तपासायचं: कान, दात, पोट, घसा, एखादा न कळलेला फ्रॅक्चर, फिट. दुखणं मोजायची जी साधनं आपण वापरतो त्यांतली बरीचशी बोलणाऱ्या, चेहऱ्यावर भाव दाखवणाऱ्या मुलांसाठी बनलेली आहेत. चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत पटणं अशा पाच गोष्टींना प्रत्येकी ० ते २ गुण देणारी एक मोजपट्टी आहे, फ्लॅक नावाची. तिच्या सुधारित आवृत्तीत आई-वडिलांना आपल्या मुलाच्या खास खुणा भरता येतात. कुणी दुखलं की हसतं, कुणी गप्प होतं, कुणी जाहिरातीतलं एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहतं. त्या वाक्याला अर्थ नाही असं समजून सोडून देऊ नका. ऐकलेलं परत म्हणण्यामागे मागणी असू शकते, तक्रार असू शकते, स्वतःला धीर देणंही असू शकतं, हे बॅरी प्रिझंट यांच्यासारख्या अभ्यासकांनी १९८०च्या दशकातच दाखवून दिलं आहे. मुलाने ते वाक्य पहिल्यांदा कुठे ऐकलं असेल हे आईला विचारा, बऱ्याचदा तिला ते नेमकं माहीत असतं.

एमआरआयची तयारी हे आमच्या इंटर्नचं आवडतं काम. यंत्राचा आवाज १०० डेसिबलच्या वर जाऊ शकतो, सगळ्यांनाच कान झाकावे लागतात, आणि आत बराच वेळ निश्चल पडून राहायचं असतं. आत पडून राहायच्या सरावासाठी आम्ही पुठ्ठ्याचा मोठा बोगदा केला आहे. यंत्राचे वेगवेगळे आवाज रेकॉर्ड करून घरी देतो, आधी अगदी हळू वाजवायचे आणि दिवसागणिक थोडे थोडे वाढवायचे. सगळी मुलं यातून भुलीशिवाय तपासणी करू शकतात असं नाही. ज्यांना भूल लागते त्यांचं उपाशी राहणं हा वेगळाच प्रश्न असतो, कारण ठरलेल्या वेळी ठरलेल्या पेल्यातून ठरलेलीच गोष्ट घेणाऱ्या मुलाला “आज नाही” हे समजावणार कसं? अशा मुलाचं नाव यादीत पहिलं लागावं यासाठी आदल्या दिवशी फोनाफोनी करणं हे इंटर्नचं काम. यात शिकण्यासारखं काय, असं एका विद्यार्थ्याने विचारलं होतं. मला विचाराल तर रुग्णालय कसं चालतं आणि त्यातली कुठली कळ फिरवली की पेशंटचा दिवस बदलतो, हे शिकायला याहून चांगली जागा नाही.

भावंडांना विसरू नका. दप्तर मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसलेली धाकटी बहीण सगळं बघत असते, आणि मोठ्यांच्या खोलीत कुणी तिच्याशी बोललेलं नसतं. तिच्याशी बोला, पण भावाविषयी नको. तिच्याविषयी.

मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना एक खास सांगणं. ऑटिस्टिक माणसाला दुसऱ्याचं मन कळत नाही, असं तुम्ही शिकून येता. २०१२ मध्ये डेमियन मिल्टन यांनी, जे स्वतः ऑटिस्टिक आहेत, याला दुसरी बाजू जोडली: न समजणं दोन्हीकडून असतं, ऑटिस्टिक नसलेल्यांनाही ऑटिस्टिक माणसाचं मन वाचता येत नाही. रुग्णालयात हे रोज दिसतं. मूल कानांवर हात ठेवून डुलत असतं, ते स्वतःला सावरत असतं, आणि आपण त्याला “हात खाली” म्हणतो. डोळ्यांत बघायचा आग्रह धरतो, जेव्हा खाली बघितल्यामुळेच त्याला आपलं बोलणं नीट ऐकू येत असतं. सावरण्याच्या या सवयी रुग्णालयात तरी कुणी मोडायला जाऊ नये, हे माझं ठाम मत आहे. स्वतःला इजा होत असेल तर गोष्ट वेगळी.

इंटर्नशिप संपते आणि विद्यार्थी निघून जातात. मोठ्यांना याचं काही वाटत नाही. पण ज्या मुलाने आठवडेच्या आठवडे लावून एका नव्या माणसाला आपल्या जगात जागा दिली, त्याच्यासाठी ते माणूस एका सोमवारी अचानक नसणं ही साधी गोष्ट नाही. म्हणून निरोपाची तयारी पहिल्या आठवड्यापासून करा. कॅलेंडरवर शेवटचा दिवस रंगवा. पुढे येणाऱ्या ताईचा किंवा दादाचा फोटो घरच्यांच्या परवानगीने आधी दाखवा, जमलं तर एक भेट दोघांनी मिळून करा. “मी येईन हं भेटायला” असं येणार नसाल तर म्हणू नका. तुमच्या वहीत मुलाविषयी जे जमा झालं असेल ते पुढच्याच्या हाती द्या आणि वही विभागातच ठेवून जा. मुलांचे फोटो, गोष्टी, रडतानाचे व्हिडिओ तुमच्या फोनमध्ये नकोत. कौतुकाने टाकलेली पोस्टसुद्धा नको. तसंच बंद खोलीत मुलासोबत एकट्याने थांबायचं नाही, दार उघडं किंवा दुसरं मोठं माणूस सोबत. यात तुमच्यावर अविश्वास नाही, मुलाचं आणि तुमचं दोघांचं रक्षण आहे.

व्यवस्थापनातलं कुणी हे वाचत असेल तर त्यांच्यासाठी: इंटर्न हे फुकटचे मदतनीस नव्हेत. त्यांना विद्यावेतन द्या, कामाचे तास ठरवा, आणि दर आठवड्याला त्यांच्याशी बसून बोलणारं एक अनुभवी माणूस त्या कामासाठीच मोकळं ठेवा. आईचं रडणं ऐकून वीस-बावीस वर्षांचं पोर घरी जातं, ते कुणाशी बोलणार? मागच्या एका तुकडीत एक विद्यार्थिनी दोन दिवस आलीच नाही. तिसऱ्या दिवशी आली तेव्हा म्हणाली, “मॅडम, मला झोपच लागत नाहीये.” आम्ही तिचं काम काही दिवस कागदपत्रांकडे वळवलं आणि रोज अर्धा तास बोललो. ती आज याच क्षेत्रात काम करते आहे. तो अर्धा तास कुठल्याच वेळापत्रकात नव्हता, तो असायला हवा.

विद्यार्थी निवडताना ऑटिस्टिक विद्यार्थ्यांचे अर्ज बाजूला पडू देऊ नका. आमच्याकडे एक इंटर्न स्वतः ऑटिस्टिक होता आणि पहिल्याच दिवशी त्याने सांगितलं की रक्त तपासणीच्या खोलीतला कोपऱ्यातला दिवा लुकलुकतो आहे. आम्ही सगळे त्या खोलीत रोज जात होतो. आमच्या कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. दिवा बदलला. त्यानंतर त्याने बसायच्या जागा बदलायला लावल्या, स्पीकरचा आवाज कमी करायला लावला, आणि ‘आता काय होणार’ हे सांगणाऱ्या फोटोंच्या क्रमात आम्ही गाळलेला एक टप्पा दाखवून दिला: सुई काढल्यानंतर कापूस दाबून धरतात, तो फोटोच नव्हता. मुलांच्या दृष्टीने तिथे गोष्ट अर्धवटच राहत होती.

यंदा पहिल्या सकाळचं सत्र मी घेणार नाही. ते एक ऑटिस्टिक तरुणी घेणार आहे, जी लहानपणी अनेक रुग्णालयांत पेशंट म्हणून राहिली आहे. तिच्या मानधनाला मंजुरी मिळाली आहे. तिने आधीच कळवलंय की प्रश्न लेखी पाठवा, एका वेळी एकच विचारा, आणि उत्तराला वेळ लागला तर मध्येच दुसऱ्या शब्दांत तोच प्रश्न पुन्हा विचारू नका, कारण मग तिला पहिल्यापासून विचार करावा लागतो. नव्या तुकडीने आपापले प्रश्न शुक्रवारपर्यंत माझ्याकडे द्यावेत. येताना वही आणा, अत्तर किंवा वासाचा स्प्रे लावू नका, आणि आवाज करणाऱ्या बांगड्या, किल्ल्यांचे जुडगे लॉकरमध्ये ठेवून मगच वर या.